लढाईच्या चित्राची पाठ

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

चित्र अठरा हजारांना पडलं, असं मी घरात सांगितलं आहे. खरा हिशेब तुला सांगतो, कारण तू या घरात राहत नाहीस. लिलावात अठरा. मग टेंपो आणि सहा हमाल. चित्र दारातून आत येईना, म्हणून चौकट काढायला सुतार. चौकट परत ठोकताना गिलावा पडला, म्हणून गवंडी. गवंडी म्हणाला, एवढीच भिंत रंगवलीत तर बाकीच्या तीन मळक्या दिसतील. म्हणून चार भिंतींचा रंग. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली ते न बोलण्यापेक्षा महाग पडलं. "लोक समुद्राचं चित्र आणतात ते निळं असतं. हे बघा, भिंतीला म्हैस टेकवून ठेवल्यासारखं."

तिचं चुकत नाही. चित्र सात फूट बाय पाच, आणि दीडशे वर्षांच्या धुराने, धुळीने काळं झालेलं. तू ते लहानपणी पाहिलं नसशील. माझे बाबा आणि तुझे अण्णा, हे दोघे साडू ज्या जहाज कंपनीत होते, तिच्या मुख्य कचेरीत समोरच्या जिन्यावर ते टांगलेलं असायचं. कंपनी गेली, आता कचेरीही विकली. मी गेलो होतो जुन्या ताडपत्र्या मिळतात का बघायला आणि चित्र घेऊन आलो.

मधोमध तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज तोफा डागतंय. भोवती सहा-सात लहान गलबतं, एक जळतंय, पाण्यात माणसं. खाली पितळी पाटी: "कंपनीच्या जहाजाने सात तासांच्या झुंजीत चाच्यांचा निःपात केला." चाचे म्हणजे त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणारी माणसं, म्हणजे बहुतेक आपल्यासारखीच. ज्याच्याकडे पाटी ठोकायचा हातोडा, त्याने ठरवायचं चाचा कोण ते.

चितारी मात्र समुद्रावर कधी गेला नसावा. मी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून समोर बसतो. सगळे बावटे डावीकडे उडतायत, सगळा धूर डावीकडे चाललाय आणि मोठ्या जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ एक ढग मात्र खुशाल उजवीकडे निघालाय. एका समुद्रावर दोन वारे. चाळीस वर्षं शिडाच्या कापडात काढली मी, वारा कुठून येतो हे मला शिकवू नये कोणी.

पाठीमागे एक ठिगळही आहे. ते बघून मला हसू आलं. लांब लांब ढिले टाके, कुठे दोरा ताणलेला नाही, हमालाने दुपारच्या सुट्टीत मारल्यासारखे. माझ्या कारखान्यात असं काम कोळशाच्या पोत्यालाही चालणार नाही. तू चित्राला हात लावशील तेव्हा पहिल्यांदा ते उपटून टाक.

आता मुद्दा. पंधरा जूनला माझ्या ताडपत्रीच्या कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन आहे. दारातून आत आल्यावर समोर हे चित्र आणि शेजारी बाबांचा फोटो, त्याखाली पाटी: "शिडं शिवणारे." कंपनीने बाबांना कापडचोर म्हणून काढलं होतं, हे तुला माहीत आहे. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, कशाला? गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं." तो मला घाबरून बोलत नाही, माझ्या काळजीने बोलतो, म्हणून जास्त लागलं. मी बासष्टचा झालो. बाबांनी ते कापड घेतलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. नसेल घेतलं तर पाटी लावतो. घेतलं असेल तरी फोटो लावीन, पण मग मला मान वर करून त्याच्याकडे बघता येईल का, ते ठाऊक नाही.

हे शोधून काढणं तुझं काम नाही. तू संग्रहालयात आजारी चित्रं बरी करतेस, तू चित्र पूस. पण तुझ्याशिवाय मी हे कुणाला लिहिणार? फोन करत नाही, कारण तुमचा फोन तुझ्या आईच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या, उशाशी असतो आणि तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. संग्रहालयाच्या पत्त्यावर लिहीत जाईन.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

दादा,

पाठव. पण आधी एक सांग: तू त्याला कशाने पुसलंस? पुसलं नाहीस असं लिहू नकोस, मी तुला ओळखते. बटाटा, कांदा, लिंबू, गोडेतेल की तुझ्या कारखान्यातलं ते निळं पाणी, त्याप्रमाणे मला औषध ठरवावं लागेल.

ठिगळ उपटण्याचं मी बघीन. पेशंटचा मालक ऑपरेशन सांगायला लागला की आमच्याकडे त्याला बाहेर बाकावर बसवतात.

कापडाचं म्हणशील तर मला तुझ्याहून कमी माहीत आहे. तू तेव्हा दहाचा तरी होतास, मी जन्मले त्या वर्षीची ही गोष्ट. अण्णा कंपनीच्या कोठारावर होते, मोजणी त्यांची होती, कापड कमी भरलं. आईच्या तोंडून मी एवढंच ऐकलं. अण्णा तर हा विषय निघाला की उठून नळाखाली हात धुवायला जायचे. आता ते नाहीत.

तुला नक्की काय काय आठवतं ते लिही. ऐकीव वेगळं, पाहिलेलं वेगळं.

आईने विचारलं, "कुणाचं पत्र?" मी म्हटलं, एका चित्रवाल्याचं. खोटं नाही.

तुझी

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

बटाटा. अर्धाच, आणि फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे पाण्यातला एक माणूस उजळला, तो आता इतर बुडणाऱ्यांपेक्षा खुशीत दिसतो.

चित्र उद्या ट्रकने निघेल. माझ्या स्वतःच्या सर्वात भारी ताडपत्रीत बांधलंय. ड्रायव्हरला म्हटलं, यात पेशंट आहे. तो म्हणाला, "मालक, जिवंत आहे ना?"

आता, पाहिलेलं. बाबा डावखुरे होते. कंपनीच्या शिवणखात्यात बाकावर सगळे ओळीने बसत, आणि बाबांच्या शेजारी बसायला कुणी राजी नसे, कोपर कोपरावर आपटायचं. म्हणून त्यांना कायम कडेची जागा. शिडांचे दिवस तोवर सरलेच होते. होड्यांची झाकणं, मालावरची आच्छादनं शिवत, पण खात्याचं नाव शिडखातंच. त्यांचा टाका बारीक, एकसारखा आणि असा घट्ट की पाण्याचा थेंब थांबून विचार करील. हजार टाक्यांत बाबांचा टाका मी डोळे मिटून, नुसत्या बोटाने ओळखीन. ही बढाई नाही, माझा धंदाच त्यावर उभा राहिला.

एका दुपारी ते वेळेआधी घरी आले. दाभण, तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा आणि मेणाची वडी एवढं पिशवीत होतं. ते खाली बसले आणि आईला म्हणाले, "उद्यापासून घरीच शिवीन." संपलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना दोऱ्याला मेण लावून द्यायला लागलो, तो माझ्या कारखान्याचा पहिला दिवस.

ऐकीव असं. कंपनी आपल्या कापडात पिवळा धागा विणून घ्यायची, चोरी झाली तर ओळखू यावी म्हणून. वर्षाच्या मोजणीत कापड कमी भरलं आणि बाबांच्या पेटीत पिवळ्या धाग्याची एक चिंधी सापडली. साहेबाने विचारलं, बाकीचं कुठे आहे? बाबा म्हणाले, "कापड कंपनीतच आहे." कुठे, ते सांगेनात. साहेबाला वाटलं, चेष्टा करतोय. मोठा झाल्यावर मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच: "कंपनीतच आहे रे." आणि वर हसायचे.

आणखी एक आहे, ते पाहिलेलंही आणि ऐकलेलंही. मावशी कधीच "चोरी" म्हणाली नाही. कुणी काही विचारलं की एकच वाक्य: "कापड कमी भरलं एवढं खरं." दरवेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. धंद्यात मी एक शिकलो: माणूस खरं सांगतो तेव्हा दरवेळी थोडं वेगळं सांगतो. तेच ते शब्द आले की समजायचं, हे घोकलेलं आहे. पण मावशीने काय आणि कशासाठी घोकावं, इथे माझी मती थांबते.

तसे बाबा रागावलेले कधी दिसले नाहीत. त्या कचेरीवरून जाताना उघड्या दारातून ते चित्र बघत थांबायचे. मला वाटायचं, त्यांना जहाजं आवडतात.

दादा

८ मार्च

दादा,

पेशंट पोचला. ताडपत्री सोडवायला आम्हाला दीड तास लागला. तू गाठी मारतोस की सूड घेतोस?

आधी लढाई. आमच्या ग्रंथपालबाईंना मी पाटीवरची तारीख दिली, त्यांनी चार दिवसांत जहाजाच्या रोजनिशीची छापील नक्कल शोधून काढली. त्या दिवसाची नोंद तीन ओळींची आहे. जहाज वाळूच्या दांड्यावर रुतलं. लहान गलबतं सात तास भोवती फिरली, दोन्हीकडून गोळे सुटले, बहुतेक पाण्यात पडले. भरती आली, जहाज सुटलं आणि निघून गेलं. निःपात वगैरे काही नाही. "स्वयंपाक्याचं एक भांडं फुटलं" अशी मात्र स्वच्छ नोंद आहे.

चितारी त्यानंतर ऐंशी वर्षांनी झाला. चौकटीच्या आतल्या बाजूला त्याचा शिक्का आहे, दुकानांच्या पाट्या रंगवून देणारा. कंपनीने सांगितलं, त्याने जिंकून दिलं. पण बावटे, दोऱ्या, शिडांचे फुगे यांत त्याची एकही चूक मला सापडत नाही. त्याने बंदरावर बसून नीट बघितलेलं आहे. म्हणून तुझा तो उलटा ढग मला खुपतो आहे. असा माणूस एकाच ठिकाणी वारा विसरेल?

मी कापसाच्या ओल्या बोळ्याने धूर पुसत होते. सगळीकडे वरचा मळ निघतो, खालचा रंग हलत नाही. त्या ढगावर बोळा फिरवला तर बोळाच काळा झाला. रंग नाही तो. काजळी आहे, कशात तरी खललेली. मी हात थांबवला आहे.

तीन प्रश्न, आणि कशाला ते विचारू नकोस. काका लिहायचेही डाव्या हाताने का? त्यांनी शिवलेलं काही तुझ्याकडे आहे का? आणि कंपनीच्या कापडात पिवळा धागा एक असायचा की दोन?

तुझी

१४ मार्च

डॉक्टरीणबाई,

स्वयंपाक्याच्या भांड्यावर मी पोट धरून हसलो. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या लढाईत खरं नुकसान झालं ते स्वयंपाकघराचंच." ती आता चित्राची चौकशी करायला लागली आहे. भिंत मोकळी बरी दिसत नाही म्हणते.

सहीपुरतं लिहायचे, डाव्याने. धागे दोन, मध्ये तीन बोटांचं अंतर. बाबांची हत्यारांची पिशवी सोबत पाठवतोय, त्यांनीच शिवलेली, मेणाची वडी अजून आत आहे. तुला काय सुचलंय ते आलं माझ्या लक्षात. फोटोशेजारी काचेच्या पेटीत ही पिशवी ठेवायची, हो ना? कल्पना चांगली आहे. तुम्ही संग्रहालयवाले वस्तू मांडण्यात हुशार.

काजळीचं म्हणशील तर पाट्या रंगवणाऱ्याचा रंग संपला असेल, मग चुलीतली घेतली असेल. गरिबाची युक्ती. फार डोकं लावू नकोस. जूनपर्यंत मिळालं म्हणजे झालं.

दादा

२२ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

पाच आठवडे झाले, तुझं अक्षर नाही. मी आपले तर्क लढवतोय. एक, चित्र बटाट्याने गेलं आणि तू सांगायला कचरतेस. दोन, ते फार मोलाचं निघालं आणि तुझे साहेब ते दाबून बसलेत. तीन, माझ्या पत्रात मी मावशीबद्दल लिहिलं ते तुला लागलं. तिसरं असेल तर माझी चूक. तुझी आई ती माझी मावशी, पण आधी तुझी आई.

न राहवून काल फोन केला. मावशीनेच उचलला. मी आवाज बदलणार होतो, पण तिने श्वासावरूनच ओळखलं. "तूच ना रे? तूच पाठवलंस ना ते कंपनीतलं चित्र हिच्याकडे?" तू बोलली असशील असं वाटलं, मी हो म्हटलं. तिने खोलीतला पंखा बंद केलेला ऐकू आला. मग म्हणाली, "त्याची पाठ बघितलीस का तू?"

मी म्हटलं, "बघितली की मावशी. कुणा अडाण्याने ठिगळ मारलंय, टाके बघवत नाहीत."

तिने फोन ठेवला. रागाने आदळला नाही, हळू ठेवला. ऐकू येतो ना फरक. रात्रभर मला तो हळू आवाज पुरला. नव्वदीला टेकलेल्या बाईला चित्राच्या पाठीची काय पडली आहे? डॉक्टरीणबाई, काय आहे तिथे?

दादा

२ मे

दादा,

नीट बसून वाच. वहिनीलाही जवळ बसव.

ठिगळाचं कापड शिडाचं आहे. मळ काढल्यावर त्यात दोन पिवळे धागे दिसले, मध्ये तीन बोटं. मी तुला तीन प्रश्न विचारले तेव्हाच ते मला दिसले होते. टाक्यांचा कल उलटा आहे, डाव्या हाताने घातले की पडतो तसा. तू पाठवलेल्या पिशवीवर तोच कल आहे. मग मी काकांच्या मेणाच्या वडीचा कण आणि ढगातल्या काजळीचा कण, दोन्ही आमच्याकडच्या रसायनवाल्याला दिले. काजळी मेणात खललेली आहे आणि मेण एकच आहे. मी वडी जरा गरम केली होती. तो वास तुला मी लिहून सांगू शकत नाही, तुला तो माहीतच आहे.

ठिगळाखाली वीतभर फाट आहे, तिरपी, समोरून बघितली तर उजवीकडे चढत गेलेली. फाटीच्या कडा एकेक धागा जुळवून बसवल्या आहेत. समोरून ती झाकायला धूर काढावा लागला, आणि फाट जिकडे गेली तिकडेच धूर जाणार. काकांना वारा कळत नव्हता असं नाही. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

आता तुझे ते ढिले टाके. मी तीस वर्षं हे काम करते. घट्ट टाका घातला असता तर पुढचा रंग तडकून पडला असता. म्हणून हे टाके कापडाच्या अर्ध्या जाडीतूनच नेले आहेत, एकही पलीकडे निघालेला नाही, आणि कापड पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात आटेल म्हणून दोरा सैल ठेवला आहे. हे आम्हाला दोन वर्षं शिकवतात, तरी जमत नाही. आयुष्यभर पाण्याचा थेंब अडवणाऱ्या माणसाने एकदा मुद्दाम सैल शिवलं, आणि ते पन्नास वर्षं टिकलं.

कापड कंपनीतच होतं, दादा. समोरच्या जिन्यावर.

इथपर्यंत मार्चच्या शेवटालाच कळलं होतं. मग मी का लिहिलं नाही, ते आता सांगते. फाटीच्या कडेवर लोखंडाचा गंज होता, कठड्याच्या टोकाचा असावा तसा. कंपनीत रंगकाम निघालं की वस्तू उतरवून ठेवणं कुणाचं काम होतं, हे मी आईला सहज विचारलं; त्यावरून तिने चित्राचं ताडलं असावं. कोठारवाल्याचं. अण्णांचं.

एक दिवस मी ठरवलं होतं, ठिगळ काढून टाकायचं. जुनं ठिगळ काढून नवं अस्तर लावतात, ती पद्धतच आहे, कुणी विचारलं नसतं. तूही तेच सांगितलं होतंस. चिमटा हातात घेतला, एक टाका उचकटलाही. मग परत बसवला.

तुझा फोन येऊन गेला त्या संध्याकाळी मी घरी आले तर आई दिवा न लावता बसली होती. म्हणाली, "त्याला ठिगळ वाईट वाटलं म्हणे." आणि मग तिने सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते, तुझ्या कानाने तू पारखशील.

"यांच्या हातून चित्र कठड्यावर आपटलं. हे तसेच तुझ्या काकांकडे गेले. वहीत लिहून कापड काढावं तर कशाला ते लिहावं लागतं. न लिहिता काढलं. रविवारी कचेरी बंद, दोघे आत बसले, यांनी दिवा धरला, त्याने शिवलं. कुणाला कळलं नाही. मग मोजणी आली. हे साहेबाला सांगायला निघाले होते गं, चपला घातल्या होत्या. तो दारात आडवा आला. म्हणाला, तुझ्या घरी आठ दिवसांत पोर येतंय. माझ्या हातात दाभण आहे, मी कुठेही बसून शिवीन. तुझ्या हातात वही आहे. वहीवाल्याला एकदा चोर म्हटलं की त्याला कोणी दारात उभं करत नाही. चपला काढ."

अण्णांनी चपला काढल्या. पुढे त्यांना तुमच्या घरी तोंड दाखवता आलं नाही, म्हणून येणं-जाणं तुटलं. घरात "चोरी" हा शब्द कुणी काढायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं, आणि खोटंही बोलायचं नाही. त्यात बसणारं एकच वाक्य उरत होतं, ते तू लहानपणापासून ऐकतोस.

आठ दिवसांत आलेलं पोर म्हणजे मी. तुझ्या बाबांच्या गेलेल्या नोकरीच्या मोलावर वाढलेली. तू काय लिहिशील ते मला माहीत नाही. आई रोज दुपारी टपालाची वेळ विचारते.

तुझी

९ मे

डॉक्टरीणबाई,

तुझ्या वहिनीनेच मोठ्याने वाचलं. मला "चपला काढ" च्या पुढे ऐकू येईना, म्हणून तिने दोनदा वाचलं.

मावशीला सांग, पारखलं. बाबा असेच बोलायचे, आखूड, आणि शेवटी कामाचं सांगायचे. ते गेल्यापासून मी त्यांचा आवाज विसरत चाललो होतो. तिने तो जसाच्या तसा ठेवला होता. हे तिचे माझ्यावर उपकारच आहेत.

राग आला का? खोटं कशाला बोलू, आला. शेडमध्ये एक फेरी मारून आलो. तिथे साठ माणसं शिवत होती. अण्णांच्या हातून ते चित्र आपटलं नसतं तर बाबा कंपनीत राहिले असते, मीही त्याच बाकावर बसलो असतो आणि कंपनीबरोबर बुडालो असतो. म्हणून रागाला सांगितलं, बाबा रे, तुझंही बरोबर आहे, पण बस जरा. अजून बसलेला आहे. कधीमधी उठेल, तेव्हा तुला पत्र लिहीन.

तुझ्यावर मात्र नाही. आठ दिवसांनी यायचं होतं त्या पोराने काय केलं? आणि चिमटा हातात असताना तू टाका परत बसवलास. मोकळ्या खोलीत, कुणी बघत नसताना. घराण्यातला हा दुसरा चांगला टाका समजायचा.

आता काम. एक, तो उलटा ढग पुसायचा नाही. वारा गेला खड्ड्यात. दोन, चित्र भिंतीवर लावत नाही. शेडच्या मधोमध दोन खांबांमध्ये टांगतो, पुढून लढाई दिसेल, मागून ठिगळ. पितळी पाटीही राहू दे, कंपनीला जिंकू दे. मागच्या बाजूला आपली पाटी: "हे माझ्या वडिलांनी शिवलं." अण्णांचं नाव कुठेही येणार नाही. बाबांनी ते झाकायला एवढं केलं, ते मी कसं उघडं करू? मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पाटी जरा मोठ्या अक्षरात करू या." तीन, मावशीने पंधरा जूनला पुढच्या खुर्चीत बसायचं. तिला ठिगळाच्या बाजूची खुर्ची.

आणि एक खाजगी. माझं पहिलं पत्र जाळून टाक. कोळशाच्या पोत्याचं मी जे लिहिलं ते. दुसऱ्या एका पत्रात डोळे मिटून बोटाने ओळखण्याबद्दल काही आहे, तेही.

दादा

२० मे

दादा,

आई येते आहे. नवं लुगडं नको म्हणाली, चष्मा मात्र बदलून मागितला.

चित्र एक तारखेला निघेल. तुझ्याच ताडपत्रीत, माझ्या गाठीने, म्हणजे तुला सुटेल.

पत्रं जाळता येणार नाहीत. चित्राविषयी आलेला प्रत्येक कागद त्याच्या फाइलला लागतो, तो नियम आहे, आणि ती दोन्ही लागली आहेत. नोंदवहीत ठिगळापुढे मी लिहिलं आहे ते तुला माहितीसाठी उतरवून देते:

"पाठीवर ठिगळ, शिडाच्या कापडाचं, दोन पिवळे धागे. शिवणारा डावखुरा, मालकाचे वडील. काम उत्तम, तसंच ठेवलं. मालक तीन आठवडे रोज चित्रासमोर बसत होते. त्यांनी ठिगळ पाहिलं होतं, टाका ओळखला नाही."

तुझी